तीन ताटांचं कोडं

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून संकल्प. नेकनूर स्टँडच्या हॉटेलात, आम्हा चौघांच्या बाकावर, रोज एक गणिती कोडं. शाळा सातवीतच सुटली, पण गणित मी बांधावर बसून स्वतः शिकलो. ते वर नेऊन काय करू? दोस्तांनाच वाटावं.
ओपनिंग केलं : भावाभावांत लई चालणारं गणित कोणतं? भागाकार!
आप्पाराव अर्धा चहा टाकून उठला. त्याची भावाशी वाटणीची केस चालू आहे, माझ्या ध्यानातच नव्हतं. असो. जोक मनाला लागला म्हणायचा.

५ नोव्हेंबर
त्रिंबक खेकसला, गप बस बे. मी लगेच बे एके बे सुरू केलं. टायमिंग फर्स्टक्लास. धर्मराज कपाळाला हात लावून बसला. उत्तर शोधत असावा.

७ नोव्हेंबर
त्रिंबकला दहा दिवसांमागं नातू झाला. परवा बारसं. आमंत्रण द्यायला आला तोच बोट नाचवत. म्हणे, जेवायला ये, पण कोडं घातलंस तर बाकावर पुन्हा बसायचं न्हाई. चाळीस वर्षांची आमची बैठक! शब्द दिला. नातवासाठी एक स्पेशल कोडं तयार होतं, पण शब्द म्हणजे शब्द.

९ नोव्हेंबर, दुपार
शब्द मोडला नाही. कोडं घातलं नाही, पंगत बांधली. आमच्या लहानपणी लग्नांत सवाल टाकून बांधायचे. उत्तर येईस्तोवर कुणी घास उचलायचा नाही. हा रिवाज झाला, कोडं नव्हे.
वरणाची बादली अडवून विचारलं : दोन बाप, दोन लेक जेवायला बसले, ताटं किती? कुणीतरी ओरडलं, चार. मी म्हणालो, तीन! आजा, लेक आणि नातू!
त्रिंबकची मुक्ताबाई पळी घेऊनच पुढं आली. म्हणे, भावजी, नातू दूध पितो, ताटं दोनच, आता सरका, भात गार व्हायलाय.
पंगत हसली आणि जेवली. उत्तर तीनच, असं मी शेवटपर्यंत सांगत उभा राहिलो. पटेपर्यंत घास घेणार नाही म्हणालो. कुणी आग्रह केला नाही. रिवाज पाळणारा मी एकटाच.
त्रिंबकनं माझ्याकडं बघितलं नाही. गडबडीत असेल.
घरी येऊन शिळी भाकरी खाल्ली.

१० नोव्हेंबर, सकाळ
हॉटेलावर गेलतो. माझ्या जागेवर बारशाच्या उरलेल्या बुंदीचा डबा. मला बघूनही कुणी उचलला नाही. तिघं बुंदी खात होते, हसत होते.
रस्त्यावरूनच मोजलं. माणसं तीन. कप तीन.
उत्तर तीनच. मी कालपासून हेच सांगत होतो.