नदीची बोट मला मानवते

अहो,

जेवण फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या. रक्तदाबाची गोळी ताटाशेजारी काढून ठेवली आहे.

कालच्या एका दिवसाच्या नदीसफरीवरून तुम्ही निकाल लावून मोकळे झालात. म्हणे, आपल्यासारख्या समुद्र पालथे घातलेल्यांना नदीची बोट म्हणजे पोरखेळ! खोली काडेपेटीएवढी, पोहायला तलाव नाही, लाटा नाहीत. असेल. मला शिसारी आली ती तुमची.

मोठ्या जहाजावर तुम्ही वेटरवर खेकसलात, की मी उठून वरच्या डेकवर जाऊन बसायचे. काल जाणार कुठे? सूप कोमट आहे म्हणून ज्या वाढणाऱ्या बाईला तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत, तिनेच उतरताना तुम्हाला हात दिला. तुमच्या तोंडून साधं 'थँक्यू' निघालं नाही. आख्खं टेबल माझ्याकडे बघत होतं. तुम्ही पहिल्यापासून असेच आहात. जहाज मोठं होतं, म्हणून मला लपायला जागा मिळायची, एवढंच.

आजपासूनच्या आठवड्याच्या नदीसफरीची तिकिटं रद्द कर म्हणालात. केली नाहीत. तुमच्या जागी वन्संना घेऊन जातेय. भाऊ येणार नाही म्हटल्यावर त्या एका पायावर तयार झाल्या.

फोन करू नका. नदीची बोट रोज कुठल्या ना कुठल्या गावाच्या धक्क्याला लागते, आणि नकोसं झालं तर माणसाला सरळ उतरून चालू लागता येतं. समुद्रावर ती सोय नव्हती.