उसन्या खुर्चीमुळे बंद झालेल्या धान्याबाबत

प्रति,
माननीय मदत अधिकारी साहेब,
दुष्काळ धान्य वाटप केंद्र,
भिलाई, जिल्हा दुर्ग.

विषय : अर्जदाराचे मोफत धान्याचे कार्ड प्रथम ‘सधन’ म्हणून आणि नंतर ‘घरात राहत नाही’ म्हणून रद्द झाल्याबद्दल.

संदर्भ : आपल्या तपासनीस साहेबांनी अर्जदाराच्या झोपडीस दिलेल्या दोन भेटी.

महोदय,

अर्जदार मथुराबाई, कै. बळीराम यांची विधवा, मूळची आमगावकडची, हल्ली मुक्काम चरोद्याच्या वाटेवरील मजूर वस्ती, ही हात जोडून विनंती करते ती अशी. बाईस लिहिता येत नाही. अर्ज तिचा शेजारी केवलराम, रेल्वे यार्डातील पॉइंट्समन, लिहून देत आहे. आपण नागपूरकडचे असल्याचे कळले म्हणून मराठीत लिहिण्याचे धाडस केले. लिहिणाऱ्याचा स्वभाव तापट आहे. एखादा शब्द वाकडा गेलाच तर तो त्याच्या नावे मांडावा, बाईच्या नव्हे.

१. बळीराम हा ठेकेदाराकडे पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या पायाचे काँक्रीट ओतण्याच्या कामावर होता. गेल्या पावसाळ्यात तापाने गेला. माणूस ठेकेदाराचा, तेव्हा कारखान्याकडे त्याचे नाव नाही; आणि ठेकेदार काम संपवून दुसऱ्या गावी निघून गेला, तेव्हा त्याच्याकडेही नाही. अर्जदार गिट्टी वाहायची, तेही काम बंद पडले. गावी परतावे तर तिकडे धानाचे पीक करपलेले. पदरी तीन लेकरे. अशा वेळी आपल्या केंद्राने कार्ड दिले आणि तांबडी मिलो ज्वारी का होईना, चूल पेटत राहिली. त्याबद्दल बाई आपली उपकृत आहे.

२. दिवाळीनंतर आपला चपराशी येऊन सांगून गेला की उद्या तपासनीस साहेब घर तपासायला येणार. येथून घोळ सुरू झाला. आमच्याकडे पद्धत अशी की कोणाकडे मुलगी पाहायला पाहुणे आले, की त्या घरची अब्रू ती झोपड्यांच्या साऱ्या ओळीची अब्रू. ज्याच्याकडे जे चांगले असेल ते तो नेऊन ठेवतो आणि पाहुणे गेल्यावर घेऊन येतो. येथे तर साक्षात सरकार येणार. अर्जदार म्हणत होती की राहू द्या, आहे तसे पाहू द्या. पण शेजारच्या सिंधुताईने तिला फैलावर घेतले : “साहेब येऊन राह्यले, अन् तू त्याईले का भुईवर बसवतं वं?” झाले. ओळीतल्याच शामरावाने खुर्ची आणली. कोणी फुलांच्या कपबश्या, कोणी टेबलावरचे घड्याळ, कोणी पितळी घागर. सिंधुताईने आपले ठेवणीतले लुगडे काढून अर्जदाराला नेसवले. लिहिणाऱ्यानेही आपला कंदील नेऊन ठेवला. त्या मूर्खपणात तो मागे नव्हता.

३. साहेब आले, त्याच खुर्चीवर बसले, त्याच कपातून चहा प्याले. चहाची साखरही उसनी होती, हे त्यांच्या जिभेला कळण्यासारखे नव्हते. चहा संपवून त्यांनी चहूकडे पाहिले आणि म्हणाले, “इतना सब है, फिर भी मुफ़्त का अनाज?” वस्तू शेजाऱ्यांच्या आहेत असे चौघांनी ओरडून सांगितले. त्यावर ते हसून म्हणाले की सगळेच असे सांगतात. शिवाय खुंटीला एक परदेशी लोकरी कोट होता. तो मात्र खरोखर अर्जदाराचा. पूर्वी ती कारखान्यातल्या रशियन साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायची. ती मंडळी मायदेशी परतली तेव्हा मॅडमने जाताना तो तिच्या अंगावर घातला. तिन्ही लेकरे रात्री त्याखाली निजत. असला कोट आमच्याही घरात नाही, असे साहेब म्हणाले, आणि कार्ड रद्द झाले.

४. अर्जदाराने फेरतपासणीसाठी आपल्या कचेरीच्या चकरा मारल्या. खिडकीवरच्या बाबूने सल्ला दिला की गरीब आहात तर गरीब दिसा. बाईने तो सल्ला मनावर घेतला, साहेब. कोट विकला. घरची परात आणि बाज विकली. आलेल्या पैशांची मिलो लेकरांनी खाऊन संपवली आणि ऐन पौषाच्या थंडीत ती पोत्यावर निजू लागली. धाकटीला खोकला लागला आहे. शेजाऱ्यांना बाईने बजावून ठेवले होते की या खेपेस कोणी सुईसुद्धा आणू नका. तपासनीस साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा ती लेकरांसह तलावावरून पाणी आणायला गेली होती. साहेबांनी दार ढकलले. आत चूल थंड, भिंती उघड्या, खुंटी रिकामी. त्यांनी शेरा मारला की येथे कोणी राहत असल्याच्या खुणा नाहीत. खुर्ची होती तेव्हा बाई सधन. खुर्ची गेली तेव्हा बाईच नाही. उपाशी माणसाच्या घरात नेमके काय असावे आणि काय नसावे, हे आपल्या केंद्राने एकदा दाराबाहेर लावावे, म्हणजे लोक त्याप्रमाणे उपाशी राहतील. हे वाक्य लिहिणाऱ्याचे आहे.

५. आता मूळ गाऱ्हाणे. धान्य बंद झाल्यापासून सिंधुताई रोज सांजेला वाटीभर डाळ आणि दोन भाकरी अर्जदाराच्या घरी पोचवत असे. सिंधुताईचा नवराही कामावरून कमी झालेला. तिच्याकडेही आपल्याच केंद्राचे कार्ड आहे. गेल्या आठवड्यात तपासनीस साहेब वस्तीत आले असता त्यांनी तिला ती वाटी नेताना पाहिले. त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले की जिला दुसऱ्याला द्यायला उरते, तिला सरकारी धान्याची गरज नाही. तिचेही कार्ड तपासावे लागेल. त्या दिवसापासून वाटी बंद आहे. ओळीतली सगळी दारे संध्याकाळी लागतात. कोणी निर्दय झालेले नाही, साहेब, सगळे घाबरले आहेत. लिहिणारा नोकरीवाला, त्याच्याकडे कार्ड नाही. तो भाकरी घेऊन गेला तर बाईने हात जोडून परत पाठवली. नोकरीवाला पोसतो असे कोणी लिहिले तर उरलीसुरली आशाही जाईल, असे तिच्या मनाने घेतले आहे. बाई दार लोटून बसते आणि लेकरांना म्हणते की आवाज करू नका, सिंधुमावशीले वाईट वाटन.

करिता विनंती. धान्य मागावे असे लिहिणाऱ्याने सुचवले, त्यावर बाईचे उत्तर शब्दशः देत आहे : “मले धान्य नोको. माह्यापायी सिंधुताईचं कार्ड जाऊ नये, एवढंच साहेबाले लिवा.” तरी आपल्या सहीशिक्क्याने इतकाच हुकूम व्हावा की या वस्तीत एका उपाशी बाईने दुसऱ्या उपाशी बाईला भाकरी दिल्यास, देणारी श्रीमंत धरली जाणार नाही. हुकूम लवकर व्हावा. धाकटीचे खाणे कालपासून बंद आहे.

आपली आज्ञाधारक,
मथुराबाई बळीराम
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)

लिहून देणार : केवलराम, पॉइंट्समन
भिलाई, दि. १९ जानेवारी १९६७

सोबत : काही नाही.