मनमोकळा सप्ताह

सोमवार, ४ मार्च

फुग्यात घातलंय मला! लाल, हृदयाच्या आकाराचा फुगा आणि त्यात माझा फोटो. घरातल्या कुठल्याशा समारंभातला. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई कापून टाकल्यात, त्यांचा अर्धा खांदा माझ्या कानापाशी तसाच राहिलाय. खाली ठळक अक्षरांत – ‘मनमोकळा सप्ताह! समुपदेशक मॅडमशी दिलखुलास गप्पा!’ ग्रंथालयाच्या दारावर, कॅन्टीनच्या खांबांवर, मुलींच्या वसतिगृहाच्या जिन्यात. सगळीकडे मी. फुग्यात.

काम वन्संचंच. दुसरं कोण? माझी सख्खी नणंद विद्यापीठाच्या कार्यक्रम विभागाची प्रमुख असावी, हा काय योग म्हणायचा! घरी वन्सं, इथे मॅडम. सुटका कुठेच नाही. मी पोस्टरसमोर उभी, तर मागून येऊन म्हणतात, "छान आलीयस गं. नाहीतर तुझा चेहरा म्हणजे निकालाचा दिवस."

गप्पा म्हणे! इतकी वर्षं विद्यार्थी मदत केंद्र मी दबक्या पावलांनी चालवलं. ग्रंथालयाच्या मागचा जिना, लहानशी पाटी, बंद दार. मुलं तिथे गप्पा मारायला येत नाहीत. कुणाला न दिसता येता येतं, म्हणून येतात.

मंगळवार, ५ मार्च

आज ‘दाराजवळची’ आली होती. नाव इथेही लिहिणार नाही. सगळी मुलं खिडकीपाशी ठेवलेली मऊ खुर्ची घेतात, ही दाराजवळची लाकडी घेते. पिशवी मांडीवर. कधीही उठून जाता यावं अशी.

आज पहिल्यांदा सलग बोलली. वडिलांचा विरोध असताना इथे प्रवेश घेतला, तेव्हापासून वडील तिच्याशी बोलत नाहीत. स्वतः बोलत नाहीत आणि घरात कुणाला बोलू देत नाहीत. सुट्टीत ती घरी जाते, तेव्हा आई ताट वाढते आणि ताटावर चमचा वाजवते. टक टक. म्हणजे जेवायला ये. "मॅडम, आठवड्याभराने माझाच आवाज मला परका वाटतो." हे सांगताना हसत होती.

माफी मागितली तर सगळे बोलतील. माफी म्हणजे शिक्षण सोडायचं. आजवर टिकली. पण – "या सुट्टीत गेले ना, तर सोडून देईन. मला माहितेय. कुणी नुसतं ‘बस’ म्हणालं तरी रडेन आणि सोडेन."

सप्ताह संपला की सुट्टी. सुट्टीत वसतिगृहाला कुलूप. मला तिला थांबवायचंय. वॉर्डनबाईंना सांगितलंय, एक खोली उघडी ठेवा. बघू या.

गुरुवार, ७ मार्च

दुपारी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती समोरून आली. बरोबर तिच्या वर्गातल्या दोघी. मी नजर तिच्यावरून सरळ पुढे नेली. सराव आहे.

पहिल्याच भेटीत मी प्रत्येकाला सांगते – बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तू दाखवलीस तर दाखवीन. नाहीतर मैत्रिणी लगेच विचारणार, ‘त्या बाई तुला कशा गं ओळखतात?’ या नियमाचा मला अभिमान आहे. माझ्या कामातली सगळी माया त्या न पाहण्यात आहे.

आणि तेवढ्यात पटांगणाच्या दुसऱ्या टोकावरून, भलत्याच एका मुलीला, वन्सं! "अगं ए, निळी पिशवी! हो, तूच! काल खोकत होतीस, औषध घेतलंस का?" अख्ख्या पटांगणाने निळ्या पिशवीकडे पाहिलं. ही बाई विद्यापीठात वावरते की बाजारात?

शुक्रवार, ८ मार्च

दार लावून लिहितेय.

जेवताना वन्सं एकदम खुशीत. सप्ताहाच्या घोषणा करायला मुलगी मिळाली म्हणे. कॅन्टीनच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या एका दांडगटाला तिने काय सुनावलं! "आवाज काय आहे! घंटा नुसती. आणि शब्द एकेक स्वच्छ. मी तिथेच धरली तिला." मग वर्णन केलं. बुटकी, चष्मा, पिशवी छातीशी धरून उभी राहते.

दाराजवळची!

मी म्हटलं, "ती नको."

"का?"

"नको म्हणून."

"अगं, काही कारण?"

काय सांगणार होते? कारण सांगितलं की मुलगी उघडी पडली. सासूबाई म्हणाल्या, "आधी जेवा गं दोघी." नवऱ्याला ताटात अचानक खूप काही पाहण्यासारखं दिसायला लागलं. वन्संनी डोळे बारीक केले. "तुझ्याकडे येते होय?"

मी बोलले नाही. आणि न बोलणं हेच उत्तर झालं! माझ्या तोंडातून एक अक्षर न काढता त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. हसत हसत, भाजी वाढून घेत.

ठरलं. या बाईशी बोलायचंच नाही. बोलणंच नसेल तर विचारणार काय, आणि मी अडकणार कशात?

रविवार, १० मार्च

"आई, त्यांना सांगा, न्हाणीघर रिकामं झालंय."

"आई, हिला सांग, माझे डोळे शाबूत आहेत."

"मी काय टपालखातं आहे?" – सासूबाई.

नवरा वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता. खरोखर उलटं.

घर किती शांत! हे आधीच करायला हवं होतं. वन्सं हॉलमध्ये आल्या की मी उठते. भरल्या घरात एखाद्याला नसल्यासारखं करता येतं, आणि फारसा त्रासही होत नाही. दुसऱ्या दिवशी तर आपोआप होतं.

मंगळवार, १२ मार्च

आली. चेहरा उजळलेला. घोषणा ती करणार आहे. "मॅडमनी मला विचारलं. मला!"

मी म्हटलं, सांभाळून. एकदम सगळ्यांच्या नजरेत येशील. झेपेल का, विचार कर. माझा आवाज मऊ होता, मला माहितेय. रोज तोच आवाज वापरते मी.

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी पायऱ्यांवर तुम्ही मला पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"बाबा पण असंच पाहतात. जिन्यात. मागे भिंत दिसत असल्यासारखं."

मी नियम पुन्हा समजावला. शांतपणे. "तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

"हो, सांगितलं होतं. बाबांनी पण सांगूनच सुरू केलं होतं."

वेळ संपायच्या आधीच ती उठली.

राग आला. तिचा आला! हे लिहायला लाज वाटते, पण आलाच. मी तिच्यासाठी सगळ्या विद्यापीठाशी आंधळ्यासारखी वागते, आणि मला तिने कुणाच्या रांगेत बसवलं? नंतर जिन्यात वन्संचा हसण्याचा आवाज आला, आणि तो सगळा राग तिकडे वळला. फार सोपं गेलं.

बुधवार, १३ मार्च

पटांगणातल्या भोंग्यावर तिचा आवाज. तालीम चाललीय. खिडकी लावून घेतली.

शुक्रवार, १५ मार्च

वॉर्डनबाईंचा निरोप – खोली उघडी ठेवता येणार नाही. एकीला दिली की उद्या दहाजणी उभ्या राहतील. पुढच्या शनिवारी सगळ्यांना बाहेर. म्हणजे ती घरी जाणार.

हे पचवत बसले होते, तर दारात वन्सं. माझ्या खोलीत त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. धापा टाकत होत्या, जिना चढून.

"वसतिगृहाचं काय झालं?"

मी शिपायाला हाक मारली. "काका, मॅडमना सांगा, भेटीची वेळ घेऊन यायचं असतं."

काका आमच्या दोघींच्या मध्ये उभे. हात बांधून, टेनिसच्या सामन्याला आल्यासारखे इकडे एकदा, तिकडे एकदा पाहत. "मॅडम... मॅडम म्हणतात..." बिचारे.

"ऐकलं मी," वन्सं म्हणाल्या. "ती मुलगी स्वतःहून बोललीय माझ्याशी. घरचं सगळं. तुझं मी काही फोडलेलं नाही. मला एवढंच सांग, सुट्टीत तिचं काय करायचं? घरी गेली तर परत यायची नाही ती."

मी समोरचे कागद एकसारखे केले. पुन्हा केले. त्यांना माझ्या अशिलाबद्दल – छे, वकिलासारखं काय लिहितेय मी! – त्या मुलीबद्दल मी बोलणार नाही, ही माझी निष्ठा. असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं म्हणजे त्या धापा टाकत होत्या आणि मला बरं वाटत होतं.

"दिवसभर परक्या पोरांचं ऐकतेस," त्या जाताना म्हणाल्या, "आणि घरच्या माणसाला हा भाव."

काकांनी विचारलं, "मॅडम, दार लावू?"

सोमवार, १८ मार्च

सप्ताह सुरू. पटांगणभर फुगे. एक ‘बोलती भिंत’ केलीय, तिच्यावर मुलांनी मनातलं लिहून चिकटवायचं. पहिली चिठ्ठी – ‘कॅन्टीनचा चहा प्यायलो. आता मन मोकळं कसं करू?’

अकरा वाजता भोंग्यावर ती. कार्यक्रम सांगितले, जागा सांगितल्या. मग म्हणाली, "विद्यार्थी मदत केंद्र ग्रंथालयाच्या मागच्या जिन्याने वर आहे. दार बंद दिसेल. बंद असलं तरी वाजवा. आत ऐकून घेणारं माणूस आहे."

हे तिला कुणी लिहून दिलं? वन्संनी? की तिचं तिनेच?

संध्याकाळपर्यंत दार वाजतच राहिलं. इतकी मुलं एका दिवसात कधी आली नव्हती. दोघं तर मोठ्याने गप्पा मारत आले आणि खुशाल जिन्यात बसून राहिले, त्यांना कुणी पाहिलं तरी चालत होतं. वन्संना याचं श्रेय मी देणार नाही.

गुरुवार, २१ मार्च

आज तिची वेळ होती. मंगळवारी सप्ताहामुळे जमणार नाही म्हणून आज ठेवली होती. आली नाही.

खिडकीतून दिसली. पटांगणात, भोंग्याच्या तारा गुंडाळणाऱ्या मुलामुलींत. मी खाली गेले. सांगायचं होतं, जाऊ नकोस, काहीतरी करू. पंधरा पावलांवर असेन. तिने मान वर केली, मला पाहिलं. मी थांबले. ती ओळख दाखवेल म्हणून थांबले. ती मी दाखवेन म्हणून थांबली असावी. मग कुणीतरी तिला तारेचं टोक दिलं आणि ती वळली.

हाक मारायला काय झालं होतं मला? नाव तर माहीत होतं.

शनिवार, २३ मार्च

वसतिगृह रिकामं. कुलूप पाहून आले. गेली ती. त्या घरी.

वन्संच्या भोंग्यानेच हे –

नाही. हे वाक्य पुरं होत नाही. तीनदा सुरू केलं.

वन्सं सकाळपासून घरात नाहीत. सासूबाईंना विचारलं, "त्या कुठे गेल्यात?" म्हणाल्या, "आली की तूच विचार. तुझ्या जिभेला काय झालंय?"

रविवार, २४ मार्च

वन्संनी तिला बसस्थानकावरून परत आणली. काल आपल्या एका मैत्रिणीकडे ठेवली, आज घरी. आमच्या घरी! सुट्टीभर इथेच राहणार. माझ्या कामात हे कुठेच बसत नाही. पण दारात तिला पिशवी छातीशी धरून उभी पाहिली आणि मला रडू आलं.

जेवायला बसलो. तिला माझ्यासमोरची खुर्ची. सासूबाई आग्रह करत होत्या, नवरा तिला कुठल्या वर्षाला आहेस वगैरे विचारत होता. ती भरभरून उत्तरं देत होती. सगळे एकदम बोलत होते.

वन्सं म्हणाल्या, "आई, हिला सांग, पाहुणीला पाणी हवंय."

मी म्हटलं, "आई, त्यांना सांगा, जग त्यांच्याच हाताशी आहे."

तिचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग वन्संकडे. मग सासूबाईंकडे.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.