आप्पांच्या रानातला सहावा वर्ग

मंगळवार, शिराळा

१. मृदसंधारण खात्यातर्फे आप्पांच्या उतारावरच्या रानात जमिनीच्या धुपीची पाहणी केली.
२. माजी सुभेदार आप्पा म्हणाले, "हितं घळ न्हाई. समदं सपाट हाय."
३. त्या सपाट जागेवर उसाचं पाचट पसरलेलं होतं. त्यातून मी कमरेपर्यंत घळीत गेले आणि पाचट डोक्यावर आलं.

"आवं मॅडम, बघून चालायचं की!" म्हणत त्यांनीच मला वर ओढलं. आत होते तोवर मी खोली मोजून घेतली. धूप तीव्र, जमीन सहावा वर्ग: पहिला वर्ग पिकांना सर्वांत चांगला, सहावा फक्त गवताझाडांचा.

मग खरं कारण निघालं. रविवारी माधवनगरचे मुलीकडचे पाहुणे आप्पांच्या मुलाचं स्थळ बघायला येणार, आणि जमिनीचा वर्ग लिहिलेला आमचा फलक गुरुवारीच रानात लागणार.

"पोराचं लगीन मोडंल. पयला वर्ग लिवा."

"नाही लिहिणार. आणि ते पाचटही काढा, पाहुणे पडतील."

"काढतो. घळ समद्यांच्याच रानात हाय. बोर्ड मातर माझ्याच रानात लागनार."

नोंदवही मिटून घरी आले. वर्ग बदलला नाही, ते बरोबरच. मग अजून डोक्यात काय आहे? पाचट तर आहेच, केस दोनदा धुतले तरी.

शेवटी कार्यालयातल्या साहेबांना मेसेज केला: "सहावा वर्ग कायम. फलक सोमवारी लावला तर चालेल का? कृपया उद्यापर्यंत कळवावे."