पुदिना वाळेपर्यंत

५ फेब्रुवारी १९७८, भिलाई
सानगडीहून एकटाच परत. लगन होऊन वर्ष झालं, रुखमा अजून माहेरीच. मामाजी चार लोकांसमोर म्हणे, जवाईबापू, वर्षात चार कामं सोडली तुम्ही, पोरगी पाठवू कोणत्या पत्त्यावर? एक करा. पुदिना लावा, वाढवा, वाळवा, अन् ताकात टाकायले मले आणून द्या. तेवढे दिवस एका जागी टिकलात, तर रुखमा तुमच्यासंगं. सारे हसले. रुखमाही. मी नाही हसलो. पुदिना म्हणजे काय, गवतच.

८ फेब्रुवारी
घरमालकीण बेबीबाईनं मोरीजवळचा पुदिना दिला, मुळासकट. फुटक्या पिप्यात लावला. म्हणे, रोज पाणी टाकजो. मले कायले शिकवते? शेतकऱ्याचा पोरगा आहो.

१२ फेब्रुवारी
वाढ नाही. उपटून पाहिला. मुळं आहेत. परत खोसला.

१५ फेब्रुवारी
परत उपटून पाहिला. बेबीबाई म्हणे, काहून रे भाऊ, नाडी पाहून राहिला का त्याची?

१४ मार्च
पुदिना पिप्याबाहेर लोंबून राहिला. मेहनतीचं फळ. पाणी बेबीबाई टाकते, पण पिपा माझा आहे.
ट्रकवर क्लीनरची जागा आहे. डायरेक्ट कलकत्ता. नाही जाणार. निश्चय पक्का.

१६ मार्च, ट्रकमध्ये
याले काम सोडणं म्हणत नाहीत. लीव्ह म्हणतात.

९ एप्रिल, भिलाई
परत आलो. कारखान्यातल्या ठेकेदारानं माझ्या जागी दुसरा माणूस ठेवला. म्हणून मीच काम सोडलं. पुदिना फस्क्लास.

११ एप्रिल, सकाळ
अर्धा कापला, धुतला. बेबीबाई म्हणे, जुड्या बांधून सावलीत टांगजो, घाई करू नको, पान बोटात चुरलं की समज वाळला. एवढा टाइम कोणापाशी आहे? इथं लोखंडाचं पाणी होते घडीभरात. टिनावर उन्हात पसरवला.

संध्याकाळ
पिवळा पडला. वास कडब्याचा. वारा सुटला अन् बराचसा शेजारच्या बकरीपाशी गेला. तिनंही सोडला.

१२ एप्रिल
उरलेला तव्यावर. धूर. बेबीबाईनं आपला तवा परत नेला.

१३ एप्रिल
बाकीचा पुदिना कापून सावलीत टांगला. माझीच आयडिया.

१५ एप्रिल
वाळला. म्हणजे जवळपास. बोटात चुरत नाही, वळते. नरम मालाले भाव असते. डब्यात दाबून भरला. झाकण पक्कं. रुखमासाठी जास्तीची चटई घेतली.

२४ एप्रिल, एकोडी
दोस्त तेजरामचं लगन. एका दिवसासाठी उतरलो होतो. दोस्त सोडत नाहीत. सानगडी काय, इथंच आहे.

२६ एप्रिल, सानगडी
सारे अंगणात जमले. मामाजीनं ताकाचा गिलास हाती घेतला. मी झाकण काढलं. वास आला तसं ताक त्यांनी दूर ठेवलं. आत पुदिन्याले पांढरी दाढी फुटलेली. मी म्हटलं, भिलाईची हवाच खराब. मामाजीनं विचारलं, काम कसं आहे? म्हटलं, लीव्हवर आहो. रुखमा आतूनच बोलली, पाणी टाकणाऱ्या बाईले तरी सांगून आले का?
हे तिले कोणी सांगितलं, कळलं नाही.
मामाजी म्हणे, पोरगी येत नाही. तुम्ही जेवून जा.

२८ एप्रिल
जेवलो. अजून गेलो नाही.

१२ जुलै, सानगडी
रुखमा अन् मी एका घरात. म्हणजे शर्त मीच जिंकलो. लोक घरजावई म्हणतात. मी सांगतो, टेम्परवारी आहो. शेतात धानाची रोवणी चालू आहे. रोवणाऱ्या बायकांना बांधीवर चहा नेणं माझ्याकडे. काल मामाजीले स्पष्ट सांगितलं, आता मी इथं थांबू शकत नाही, सुरतले जातो. मामाजी म्हणे, साकोलीची बस सकाळी आहे. रुखमानं न सांगता पिशवी भरून दाराशी ठेवली, वर छत्रीही.
आज सकाळी बस गेली. मी चहा घेऊन बांधीवर गेलो. माझ्याशिवाय इथं कोणाचं चालत नाही.