सातव्या कॅमेऱ्याची धुणावळ

४ फेब्रुवारी

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! लग्नात प्रत्येक टेबलावर एकेक वापरून फेकायचा कॅमेरा ठेवायचा, पाहुण्यांनीच फोटो काढायचे — कल्पना लेकीची. फोटोग्राफरपेक्षा स्वस्त म्हणून मीही मान डोलावली. आज फोटोवाल्याने धुणावळ सांगितली आणि मी काउंटरला धरूनच उभी राहिले. रोल धुवायचे वेगळे, छापायचे दर फोटोमागे वेगळे. एवढ्यात नवीन दोन कॅमेरे आले असते.

"एकदम नका देऊ, बाई. पगार होईल तसे आणा." म्हणजे दर महिन्याला मी येणार, हे धरूनच चाललाय लबाड.

टेबलं सात होती. माझ्याकडे कॅमेरे सहा. नवरा-नवरी आणि विहीणबाई बसले होते, त्या टेबलावरचा गायब.

६ फेब्रुवारी

विहीणबाईंना फोन केला. खर्च निम्मा-निम्मा ठरला होता, त्याची आठवण दिली. "बघते," म्हणाल्या. मग कॅमेऱ्याचं विचारलं. जरा थांबल्या. "इथे नाही हो." ते थांबणं मला आवडलं नाही.

३ मार्च

पगार झाला. दोन कॅमेरे धुतले. कारखान्यात दिवसभर तयार शर्ट तपासायचे, कुठे शिवण सुटली ते शोधायचं — डोळ्यांना तीच खोड. तेच भिंग घेऊन घरी फोटो बघत बसले. हे म्हणाले, "लग्नाचे फोटो आहेत, पोलीस केस नाही." म्हणोत बापडे.

चार फोटोंत लेक दिसते. चारही वेळा नजर विहीणबाईंकडे. धाक, दुसरं काय!

२१ मार्च

लेक आली नाही. आठ दिवस राहायला येणार होती. फोनवर "सगळं छान आहे, आई." काहीही विचारा, सगळं छान. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी पोर ही! तेवढ्यात विहीणबाईंनी फोन घेतला. "तिला जरा पडू दे, थकलीय." कशाने थकली? कुठल्या कामाला जुंपलंय तिला?

२२ मार्च

जावयांचा फोन. "आई, त्या कॅमेऱ्याच्या मागे कशाला लागता? हरवला असेल. सापडलाच तर माझ्याकडे द्या, धुणावळ मी भरतो." माणूस सोन्यासारखा. आईचा एक गुण घेतला नाही.

११ एप्रिल

आणखी दोन धुतले. विहीणबाई खाताना, विहीणबाई पदर सावरताना. पैसे पाण्यात.

५ मे

न कळवता लेकीकडे जाऊन थडकले. वाळली आहे पोर. हसते, पण अर्धवट. मायलेकींना दोन शब्द बोलता येतील म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर जावई पाठोपाठ आले, स्टूल ओढून आमच्यातच बसले. किती माया! विहीणबाई मात्र दारात उभ्या, पहाऱ्यावर असल्यासारख्या. मला एक मिनिट लेक एकटी मिळाली नाही.

निघताना विहीणबाई जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आल्या. वर एकदा बघून हळूच विचारलं, "बाकीचे धुतले का? काही दिसलं त्यात?"

चोराच्या मनात चांदणं! म्हणजे दिसण्यासारखं काहीतरी आहे. ही बाई माझ्या लेकीला छळतेय, आणि तो सातवा हिनेच दडवलाय. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. म्हणाले, "संशयाला औषध नाही." मला रडू आलं. माझी पोर तिथे सुकत चाललीय आणि ह्यांना म्हणी सुचतात.

१८ मे

आज सुट्टी झाल्यावर कारखान्याच्या गेटवर विहीणबाई! घामाने डबडबलेल्या. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत टाकलं. सातवा कॅमेरा! वर चुरगळलेल्या नोटा. "धुणावळ माझी. सगळे छापून घ्या. आधी एकट्या बघा." चहाला थांबा म्हटलं तर मागे वळूनही न बघता गेल्या.

साडेतीन महिने दडवला आणि आता आपणहून देते? कुठेतरी पाणी मुरतंय. त्यातले नको ते फोटो काढून टाकले असतील म्हणावं, तर कॅमेरा उघडलेला दिसत नाही. कंपनीचा कागद जसाच्या तसा आहे. भिंगातून पाहिलं.

१९ मे

रोल धुवायला टाकला. पावतीवर माझंच नाव आहे ना, दोनदा बघून घेतलं.

२१ मे

फोटोवाल्याने धुतलेली पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. "बाई, हे छापू नका. पोरासोरांच्या हातात होता वाटतं. निम्मे टेबलाखालचे आहेत, नुसत्या चपला आणि खुर्च्यांचे पाय. उगाच खर्च."

गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा दुकानदार मी आजवर पाहिला नाही. हा कोणाला सामील? म्हटलं, "सगळे छापा. एकही सोडू नका."

२३ मे

चपला. चपला. टेबलक्लॉथची कड. मग एक फोटो — टेबलाखाली दोन हात. लेकीचं मनगट उलटं पिरगळलेलं, बोटं ताठ. पिरगळणारा हात जावयाचा. शर्ट आमच्याच कारखान्यातला, त्या बाहीचं बटण मीच पक्कं करून दिलं होतं.

भिंग लागलं नाही.

तिकडे फोन केला. नशिबाने विहीणबाईंनीच उचलला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "टेबलाखाली फ्लॅश पडला तेव्हा मी वाकून पाहिलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी खाली मान घालून जेवत बसले." मग आवाज आणखी खाली गेला. "उद्या तो दहाला बाहेर पडतो. तिचे कपडे मी भरून ठेवते. तुम्ही या, दार मी उघडते."