मधल्या दाराची कडी

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दुपारी आपण दोघी बहिणी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत असू. तू कागद ताणून धरायचीस, मी घडी घालायचे. वाकडी घडी शाळेतल्या सिस्टरांना चालायची नाही. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकील म्हणाले. तरी राहू दे.

मी, वय वर्षे एकाहत्तर, आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची निवृत्त प्राध्यापिका, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझी पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावीत. समासातले शेरे वाचू नयेत. ते फार खात्रीने लिहिलेले आहेत.

२. घराचा माझा भाग धाकट्या बहिणीला, म्हणजे शेजारच्या भागात शिवणकाम करणाऱ्या माझ्या एकुलत्या बहिणीला मिळावा. याचं कारण लिहिणं भाग आहे.

आई होती तोवर दुपारी चारला दोन्ही भागांमधलं दार उघडायचं आणि चहा एकत्र व्हायचा. भांडण असलं तरी. नियम असले की एकमेकांवर विश्वास नसलेलेही एकत्र नांदतात, असं माझ्या विषयातले उदारमतवादी म्हणतात. आई गेली, नियम गेला. महिन्याभरात धाकटीने तिच्या बाजूने दाराला कुलूप लावलं. वास्तववादी सांगतात, दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, म्हणून आपली तयारी ठेवा. मी माझ्या बाजूने कडी बसवून घेतली. तिने दाराला कपाट टेकवलं. मी वकिलाकडे जाऊन दाराच्या हक्काचा दावा लावला.

ती जिन्यात म्हणाली होती, "ताई, गिऱ्हाइकांचे कपडे चोरीला गेले गं. कुलूप चोरासाठी आहे."

मी म्हणाले, "हेतू सगळेच चांगले सांगतात."

"मी काय देश आहे का गं?"

दुसऱ्या दिवशी हाच प्रसंग मी वर्गात सांगितला, 'माझी एक शेजारीण' म्हणून. मुलं पोट धरून हसली. त्याच तासाला पुढे मी रचनावाद शिकवला: शत्रुत्व कुणी जन्माला घेऊन येत नाही, ते दोघांच्या वागण्यातून घडतं. फळ्यावर तीन रकाने आखून तुलना केली आणि हात झटकून घरी आले. कडी तशीच राहिली. त्याला चौदा वर्षं झाली.

३. बँकेतली बचत दोन्ही घरी काम करणाऱ्या बाईंना द्यावी. मी विचारलं नाही तरी "धाकट्या ताईंचा गुडघा दुखतोय" हे त्याच सांगत आल्या.

४. कोर्टातला दावा मी काल मागे घेतला. कडीही काढली. चार स्क्रूंची भोकं बुजवू नयेत.

५. या मृत्युपत्राची एक प्रत माझ्या मरणाची वाट न पाहता आजच, चारच्या आत, बाईंनी धाकटीला द्यावी. कपाट सरकवायचं की नाही हे तिने ठरवावं; त्यावर माझा हक्क नाही. खाकी कागदाची उरलेली गुंडाळी मात्र तिचीच आहे. ती उंबऱ्यावर ठेवली आहे.

साक्षीदार: समोरचे औषधवाले, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर.
सही: ताई
ठिकाण: मधल्या दारापाशी, माझ्या बाजूने. दिनांक: ९ जून, दुपारी अडीच.